झाडे मॅडमचा मेन स्विच

झाडे मॅडम शाळेतून घरी निघाल्या की त्यांच्या मागोमाग पंखे थांबत जायचे. वरांड्यातून चालता चालता आठवी अ, आठवी ब, चित्रकलेची खोली असं करत त्या प्रत्येक दारातून हात आत घालायच्या, बटनांच्या पाटीवरून तळवा खालून वर सारायच्या आणि पुढे जायच्या. आत कोणी बसलेलं असलं तरी. एकदा मुख्याध्यापक पाहुण्यांना निरोप द्यायला दारापर्यंत गेले आणि परत येऊन बसेपर्यंत त्यांच्या डोक्यावरचा पंखा बंद.

"अहो मॅडम, मी इथंच होतो ना!"

"खुर्ची रिकामी दिसली सर."

पोरं त्यांना मागून 'लोडशेडिंग' म्हणत. मॅडमना ते माहीत होतं. कधी खरंच वीज गेली की त्या वर्गात म्हणायच्या, "हे बघा, आज मी काही केलं नाही."

सिंदी रेल्वेच्या आमच्या शाळेत मी प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले तेव्हा मॅडमना विज्ञान शिकवायला लागून पंचवीसच्या वर वर्षं झाली होती. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, पदर दोन पिनांनी घट्ट बसवलेला. उजव्या हाताच्या बोटांवर पोटॅशियम परमँगनेटचे तपकिरी डाग कायमचे, मेंदी उतरत आल्यासारखे. माहेर रोहण्याचं, शेतकऱ्याच्या घरचं. यजमान लवकर गेले होते, मुलगी लग्न होऊन पुण्याला. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत. राग आला, हसू आलं किंवा माया आली की मात्र सरळ रोहण्याला पोचत.

आमच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा माझ्यामुळे आला. वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहत. नोकरीवर रुजू व्हायच्या सकाळी त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, "मोठ्यायसमोर तोंड नको उघडू, बाई. त्यानं नोकरी टिकते." मी ते गाठीशी बांधूनच शाळेत गेले आणि स्टाफरूमच्या बाहेर, शिपायांच्या बाकावर, गजाननभाऊंच्या शेजारी बसून राहिले. मधल्या सुट्टीत मॅडम बाहेर आल्या.

"इथं काऊन बसली? आत खुर्च्या काय पूजेले ठेवल्या?"

"मॅडम, मी सहायक आहे."

"मग? सहायकानं बाहेर बसून सहाय्य करावं असं कुठं लिहिलं हाय?" त्यांनी माझा डबा उचलला, आत नेऊन आपल्या डब्याशेजारी ठेवला आणि गजाननभाऊंना म्हणाल्या, "तुम्हालेही किती वर्षं सांगून राह्यली मी. तुम्ही काही ऐकत नाई."

गजाननभाऊ हसले. "मले इथं वारा लागते मॅडम. आत पंखा टिकत नाई."

हे गजाननभाऊ शाळेत अकरा वर्षं शिपाई होते, पण कायम नव्हते. त्यांना कायम करण्याचा प्रस्ताव त्या वर्षी संस्थेच्या बैठकीत जायचा होता. आष्टीकडच्या त्यांच्या गावी आई होती, थोडी शेती होती, एक बैलजोडी होती. हे सगळं आम्हाला पाठ होतं, कारण भाऊ चार वाक्यं बोलले की त्यात बैल यायचेच.

मॅडमनी मला पहिला धडा दिला तो मेणबत्तीवर. नववीसाठी मी प्रयोग मांडून बघत होते. जळत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा ठेवला, ज्योत विझली. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"काय दिसलं?"

"ऑक्सिजन संपला, मॅडम."

"तुले संपताना दिसला?" त्यांनी वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं. "ज्योती, तुले वर्ध्याले नेऊन डोळ्याच्या डॉक्टरले दाखवू आपण. फार तेज नजर हाय तुही."

मी गोरीमोरी झाले. मग त्या स्टुलावर बसल्या आणि पुस्तकी मराठीत आल्या. "मेणबत्ती विझली, एवढंच आपल्याला दिसलं. ते निरीक्षण. ऑक्सिजन संपला हे अनुमान. निरीक्षण वरच्या ओळीत लिहायचं, अनुमान खालच्या. दोन्ही एका ओळीत लिहिलं की माणूस फसतो."

तीन वर्षं पदवीचं विज्ञान शिकून मला हे कोणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

पंखे आणि दिवे बंद करण्याचं वेड कुठून आलं, ते मी एकदाच विचारलं. त्या परीक्षानळ्या धूत होत्या. त्या कामाला दुसऱ्याचा हात त्यांना चालत नसे. "आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच राहायचा," त्या म्हणाल्या. "माजघर छतापर्यंत भरलेलं. आम्ही पोरं त्याच्यावरच झोपायचो. एक दिवस सगळे वावरात गेलतो आणि माजघरातला दिवा चालूच राह्यला. उघडी वायर होती. एक ठिणगी पडली. परत आलो तर भिंती तेवढ्या उभ्या." त्यांनी नळी उजेडात धरून पाहिली. "दिवा बंद करायचं काम माझं होतं."

त्यानंतर त्यांना कोणी लोडशेडिंग म्हटलं की मला हसू येईना.

प्रयोगशाळेत जुना लोखंडी मेन स्विच होता. त्याचा दांडा खाली ओढला की खटॅक आवाज व्हायचा आणि सगळी खोली मुकी व्हायची. शेजारी खिळ्याला एक लांब वही टांगलेली. रोज निघताना मॅडम तिच्यात लिहायच्या: गॅस बंद, नळ बंद, मेन बंद, किती वाजता, खाली सही. एवढ्या वर्षांत एकही दिवस कोरा नव्हता.

फक्त एका गोष्टीला या मेनमधून सूट होती. खिडकीजवळ माशांची मोठी काचेची टाकी होती. दहावीच्या एका तुकडीने जाताना शाळेला दिलेली. तिच्यात अकरा गोल्डफिश. बाजूच्या छोट्या टाकीत गप्पी मासे, डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खात्याच्या माणसाने फुकट दिलेले. मोठ्या टाकीत हवेचे बुडबुडे सोडणारा पंप दिवसरात्र घुरघुरत असायचा. त्याची वायर झरोक्यातून ऑफिसात नेलेली होती, म्हणजे प्रयोगशाळेचा मेन पडला तरी पंप चालू राही. ती सोय मॅडमनीच केली होती.

सकाळी आल्या की आधी टाकीपुढे. बोट फिरवत मोजायच्या आणि म्हणायच्या, "अकरा हजर." शेपटी वाकडी असलेला एक मासा खाण्याला नेहमी सगळ्यांच्या मागून पोचायचा. त्याचं नाव लेटलतीफ. पाणी बदलायचं काम गजाननभाऊंचं. नळाच्या पाण्यात जंतू मारायची दवा असते म्हणून ते आदल्या दिवशीच ड्रम भरून उन्हात ठेवत. पोरांनी काचेवर टिचक्या मारल्या तर भाऊ ओरडायचे, "तुह्या कानाशी डबा वाजवू का?"

त्या वर्षी पोळा, तान्हा पोळा आणि लागून रविवार, अशी तीन दिवस सुट्टी आली होती. सुट्टी संपल्यावर शाळेची तपासणी व्हायची होती. झरोक्यातून लोंबणारी वायर वाईट दिसते, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. म्हणून पोळ्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, वायरमन आला. त्याने ती वायर काढली आणि पंपाची पिन टेबलाखालच्या नव्या पांढऱ्या बोर्डात लावून दिली. तो बोर्ड प्रयोगशाळेच्याच मेनवर होता. मॅडम शेजारी उभ्या होत्या. "आता कसं घरच्यासारखं दिसते," असंही म्हणाल्या.

संध्याकाळी सगळ्यांनाच घाई होती. गावात पोरांच्या तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीबैलांना रंग देणं चाललं होतं. गजाननभाऊंना बैल सजवायला गावी जायचं होतं. सुट्टीत मासे बघायला येऊ का, असं त्यांनी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "तीन दिवस उपाशी राह्यल्यानं मासा मरत नाई. जा तुम्ही, बैल वाट पाहून राह्यले." मग गॅस पाहिला, नळ पाहिले, दांडा ओढला. खटॅक. वहीत लिहिलं, सही केली.

मी दारात उभी होते. घुरघुर थांबली, ती मला ऐकू आली. रोजचा, कानात बसलेला आवाज होता तो. थांबल्यावर खोली वेगळीच वाटली. मॅडमना सांगावं, असं जिभेवर आलं. मग मनात आलं, त्यांना माहीत असेल. त्यांच्यासमोर वायरमनने काम केलं, मी कोण सांगणारी? गजाननभाऊंनी कुलूप लावलं आणि आम्ही तिघं तीन दिशांना गेलो.

सोमवारी कुलूप उघडलं तेव्हा दारातच वास आला. भादवा लागलेला, ढगाळ उकाडा, खिडक्या बंद. अकराच्या अकरा गोल्डफिश पाण्यावर आडवे होते. लेटलतीफसुद्धा. बाजूच्या टाकीत गप्पी मात्र मजेत फिरत होते. त्यांना पंप कधी लागलाच नव्हता.

मॅडम आल्या, टाकीपुढे उभ्या राहिल्या. बोट वर गेलं, मोजलं मात्र नाही. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. दांडा खाली होता.

स्टाफरूममध्ये आम्ही सातजण होतो. मॅडमचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता.

"गजाननभाऊ, मेन बंद होता."

"म्या हात नाई लावला मॅडम. फक्त कुलूप लावलं."

"मग दांडा कोणी ओढला? भुतानं? पंप मेनवर आहे म्हणून मी तर चालूच सोडला होता. कुलूप लावायला शेवटी तुम्ही होता. घरी जायची घाई होती ना? बैलांच्या शिंगांना रंग द्यायचा होता. इथं अकरा जीव तडफडून गेले."

माणूस खोटं बोलताना हात हलवतो. गजाननभाऊंचे हात मांड्यांना चिकटून होते. मुख्याध्यापकांना तपासणीआधी कोणावर तरी बोट ठेवायचंच होतं. त्यांनी तिथंच मेमो लिहायला घेतला, 'कर्तव्यात कसूर'. प्रस्ताव बैठकीत जाणार आणि त्यासोबत हा कागद जाणार, हे त्या खोलीत सगळ्यांना कळत होतं. मी खिडकीशी उभी होते. घुरघुर कधी थांबली, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि मी गप्प राहिले. वडिलांनी सांगितलेलं तेव्हा आठवलं असं म्हटलं तर ते सोयीचं होईल. खरं म्हणजे मला भीती वाटली.

दुपारी मॅडम प्रयोगशाळेत आल्या. मासे मेल्याची नोंद करायला त्यांनी खिळ्यावरची वही काढली. पान उलटलं आणि तशाच थांबल्या.

"ज्योती, इकडं ये. हे अक्षर कोणाचं?"

गुरुवारची ओळ होती. गॅस बंद. नळ बंद. मेन बंद, पाच वाजून दहा मिनिटं. खाली सही.

"तुमचं, मॅडम."

"हात बिनडोक्यानं चालला माझा," त्या म्हणाल्या. "पिन कुठं लावली ते मी सकाळी माझ्या डोळ्यांनं पाह्यलं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "तू दारात होती ना? पंप थांबला ते ऐकू नाई आलं?"

"आलं होतं."

"मग बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं तुमाले माहीत असंल." मीही बोलीत गेले. "आणि आज सकाळी भेव लागलं."

मला वाटलं, आता माझी पाळी. मॅडम वहीकडे बघत राहिल्या. "माझ्यासमोर बोलायले तुले भेव वाटते, तर माझ्या शिकवण्यात खोट हाय," त्या हळू म्हणाल्या. "वरच्या ओळीत दांडा खाली. खालच्या ओळीत गजाननभाऊ. मी दोन्ही एका ओळीत लिहून टाकलं, पोरी."

त्या वही घेऊन तशाच ऑफिसात गेल्या. मुख्याध्यापकांनी वही वाचली आणि मिटली. "मॅडम, निवृत्तीला दोन वर्षं राहिली तुमची. मासोळ्याच त्या. विषय वाढवायचा कशाला? मेमो मी मागे घेतो, वही राहू द्या."

"मेमो मागे घ्या आणि त्या जागी माझा खुलासा लावा. मागे घेतला तर लोक म्हणतील, दया केली. गजाननभाऊंवर दया करणारे आपण कोण?"

त्यांनी तिथंच उभ्याने अर्धं पान लिहून दिलं. इतक्या वर्षांत त्यांच्याविरुद्ध शाळेत एक कागद नव्हता. पहिला त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला.

मला वाटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी परिपाठाला, प्रार्थना झाल्यावर, मॅडम माईकपाशी गेल्या. तिथं तपासणीचे दोन साहेबही खुर्च्यांवर बसले होते. मैदानात चारशे पोरं.

"काल तुम्ही ऐकलं असेल की मासे गजाननभाऊंमुळे मेले. ते खोटं आहे. पंप मेनवर घेतलेला मी पाहिला होता. मेन मी बंद केला. वहीत माझी सही आहे, कोणालाही बघता येईल. न बघता मी भाऊंना बोलले, त्यांच्या बैलांवरूनही बोलले." इथे त्या भाऊंकडे वळल्या. "गजाननभाऊ, मी चुकली. मले माफ करा."

भाऊ झेंड्याच्या खांबाजवळ उभे होते. त्यांना कुठे बघावं कळेना. नंतर प्रयोगशाळेत येऊन ते जवळजवळ भांडलेच. "मॅडम, इतक्या पोरायसमोर कायले सांगतलं? सायबं बसले होते. मले काल कळलाच होता ना तुमचा खुलासा."

"मी बोलली सातजणांसमोर, पण ऐकलं चारशेंनी. मग माफी सातजणांत कशी पुरंल?"

"बैलायले काही वाटलं नाई," गजाननभाऊ म्हणाले. "म्या त्यायले सांगतलंच नाई."

मॅडम हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

त्याच दुपारी वायर पुन्हा झरोक्यातून ऑफिसात गेली. वाईट दिसत होती. एक साहेब तिच्याकडे बघून काही बोलणार, तोच मॅडम म्हणाल्या, "ती लोंबू द्या, साहेब. ती आमची सर्वांत महत्त्वाची वायर आहे." आणि मला त्यांनी एक काम लावून दिलं. मेनच्या दांड्याला त्यांचा हात लागला की मी विचारायचं, काऊन बंद करून राह्यल्या?

"मी विचारू? तुम्हाला?"

"तूच. आणि लाजून नाई, मोठ्यानं."

पहिले आठ दिवस माझा आवाज घशातच राहायचा. त्या हात दांड्यावर ठेवून थांबून राहायच्या. "ऐकू नाई आलं." मग मी पुन्हा विचारायची. त्या एकेक वस्तू बघत उत्तर द्यायच्या: शेगडी थंड, पंप ऑफिसवर, खोलीत कोणी नाही. नंतर मला सवय झाली. एकदा त्याचा खरोखर उपयोगही झाला. सातवीच्या मुलींनी खोक्यात बल्ब लावून अंडी उबवायला ठेवली होती. मी विचारलं, मॅडम बोलता बोलता खोक्यापाशी अडल्या आणि दांड्यावरचा हात काढून घेतला. "पाह्यलं?" एवढंच म्हणाल्या. पाच पिल्लं निघाली. त्यांतलं एक गजाननभाऊंनी घरी नेलं.

भाऊ पुढच्या वर्षी कायम झाले. त्यात मॅडमच्या अर्ध्या पानाचा वाटा किती, मला सांगता येणार नाही. मेमो तसाच राहिला असता तर काय झालं असतं, ते मात्र सांगता येतं. पहिल्या पगारानंतर ते वर्ध्याहून पाण्याच्या पिशवीत सहा गोल्डफिश घेऊन आले. टाकीत सोडले, बोट फिरवलं आणि मॅडमच्या आवाजात म्हणाले, "सहा हजर."

मी नोकरी करत एम.एस्सी., बी.एड. पूर्ण केलं. फॉर्मही मॅडमनीच आणला होता. आता मी त्याच शाळेत नववीला विज्ञान शिकवते. मुलींना पहिल्या दिवशी सांगते, माझं चुकलं तर हात वर करायचा. दोघी-तिघी करतात. बरं वाटतं. थोडी भीतीही वाटते.

निवृत्तीनंतर मॅडम वर्षभर सिंदीतच राहिल्या. मग मुलीने आग्रह धरला आणि पुण्याला जायचं ठरलं. निघायच्या दिवशी सकाळी मी आणि गजाननभाऊ त्यांच्या घरी गेलो. भाऊंनी सामान ऑटोत रचलं. कुंड्या त्यांनी आदल्या दिवशीच आपल्या घरी नेल्या होत्या. मॅडम बाहेर आल्या, चपला घातल्या, काढल्या, पुन्हा आत गेल्या. मी मागून गेले. मीटरखालच्या मेनवर हात ठेवून त्या उभ्या होत्या. दाबत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.



"विचार ना," त्या म्हणाल्या. "गाडी निघून जाईन."

"काऊन बंद करून राह्यल्या, मॅडम?"

त्यांनी रिकाम्या खोलीवरून सावकाश नजर फिरवली, टाकीपुढे बोट फिरवायच्या तशी.

"फ्रिज धुवून पुसून ठेवला. झाडं गजाननभाऊंकडं. चुलीवर काही नाई. घरात जीव कोणी नाई."

आणि त्यांनी मेन बंद केला.